ताडपत्रीवरचे पहाड

कळमन्यात सफरचंद उतरवून
परतीचा संत्रा भरायला निघालेला ट्रक
आमच्या शेडच्या अलीकडं पाटा तुटून बसला.
हबीब मिस्त्री म्हणाला, पाटा अमरावतीहून येईल.
कधी?
येईल.
तीन दिवस लागले.

ड्रायव्हर ज्ञानसिंग नेगी, किन्नौरचा.
डोक्यावर हिरव्या पट्टीची गोल टोपी,
पायात वरुडच्या बाजारातली नवी चप्पल.
पहिल्या रात्री झोपला नाही.
सकाळी म्हणाला, तुमच्याकडं नजर टेकायला काही नाही,
जिकडं पाहावं तिकडं नुसतं पुढं, आणखी पुढं.
रुख्मा धुर्वे संत्री निवडता निवडता बोलली,
"मंग झाडाकडं पाह्य ना भाऊ. झाडं का कमी हायेत?"

दुपारी तिनंच विचारलं, कसं आहे तुझं गाव?
अंगाखालची निळी ताडपत्री
त्यानं दोन्ही हातांनी स्वतःकडं ओढली
आणि पहाड उभे राहिले.

ही पहिली चुणी शिवालिक. इथं मका, इथं आंबासुद्धा.
ही धौलाधार. मागं पीर पंजाल.
त्याच्याही मागं पाऊस पोचत नाही,
ढग वाटेतच रिकामे होतात.
"आपल्या योजनेवानी," हबीब म्हणाला.
मधल्या खोबणीत त्यानं गडव्यातलं पाणी ओतलं: सतलज.
ती तिबेटातून निघून रुख्माच्या पायापाशी आली.
तिनं पाय काढला नाही.

राजे? तीस. जास्तही असतील.
आजोबा सांगायचे, एकाचं राज्य एवढंसं
की शेळी चुकली तर परदेशात जायची.
अठ्ठेचाळीस साली सगळे एका पोत्यात आले,
पूर्ण राज्य व्हायला आणखी तेवीस वर्षं.
जाहीर झालं त्या दिवशी सिमल्यात बर्फ पडत होता,
लोक छत्र्या घेऊन उभे होते.

काट्यावरच्या वामनराव गोहत्रेंनी वजन थांबवलं.
त्यांच्या खोलीच्या दारामागं
वेगळ्या विदर्भाचं एक पत्रक आहे, पिवळं पडलेलं,
कोपरे झुरळांनी खाल्लेले.
"छत्र्या घेऊन?" एवढंच त्यांनी विचारलं,
आणि पुढचं क्रेट ठेवलं.

मग खाता काय?
सफरचंद. तेही बाहेरूनच आलेलं, शंभरेक वर्षांमागं.
घरातला एक फौजेत. उन्हाळ्यात टुरिस्ट.
आणि वीज: नदी बोगद्यात घालायची,
दुसऱ्या टोकाला विकायची.
भिंतींना तडे गेलेत, म्हणाला, पण दिवे जात नाहीत.
तेवढ्यात आमचे गेले.
ग्रेडिंगचं मशीन कण्हून थांबलं,
संत्री पट्ट्यावर जिथल्या तिथं.

अंधारात कुणीतरी आंबिया बहाराचं बोलू लागलं.
पौषात आम्ही झाडाचं पाणी तोडतो, मी सांगितलं,
पानं मलूल होईतो. याला ताण म्हणतात.
ताण नाही तर फूल नाही.
नेगी बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, आमच्या झाडाला थंडी मोजून लागते,
हजार-बाराशे तास. तास भरले नाहीत तर
झाड उठतं, पण फुलत नाही.
हल्ली भरत नाहीत.
वडलांची बाग खाली होती, माझी वर आहे,
मुलगा आणखी वर जागा बघतोय.
किती वर?
जिथवर माती आहे तिथवर.

आमच्या बोअरचा हिशेब मी त्याला सांगितला नाही.
वडलांच्या वेळी दीडशे फूट, माझ्या वेळी आठशे.
तो आकडा उलट्या दिशेनं जात होता
आणि अंधार होता.

चौथ्या दिवशी पाटा आला.
जाताना त्यानं रुख्माच्या पोरीला टोपी घालून पाहिली,
नाकापर्यंत आली. परत घेतली.
एवढं मोठं मन नव्हतं त्याचं, आणि टोपी एकच होती.

आता हंगाम संपतोय.
काल अवकाळी येईलसं वाटलं,
ढिगावर ताडपत्री टाकायची घाई झाली
आणि रुख्मा ओरडली,
"धौलाधार पकडा वो तिकडून!
अन् पीर पंजाल फाटला हाये,
त्याले कोणी टाका मारन का नाही?"